वाचकांचे प्रश्न : जुन्या किटमधून विक्रमी वेगाची काल्पनिक गाडी

प्रश्न : नातवाने अर्धवट सोडलेला, १/२४ प्रमाणातील एका जुन्या दोन दारी स्पोर्ट्स गाडीचा प्लास्टिक किट माझ्याकडे पडून आहे. काच फुटली आहे आणि दोन चाके हरवली आहेत, पण वरचे कवच अखंड आहे. १९६०च्या दशकात एखाद्या गोमंतकीय संघाने अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मीठमैदानावर वेगाच्या विक्रमासाठी नेली असती, अशी ‘मांडवी’ नावाची गाडी त्यातून घडवावी असे मनात आहे. मागे दोन मोठे पंख आणि दोन्ही अंगांना धुराच्या जाड नळ्या लावून पाहिल्या, तरी ती खरी वाटत नाही. कुठे चुकते? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आपली कल्पना मला फार आवडली, आणि कवच शाबूत असल्यामुळे ती नक्की साध्य होईल. चूक आपल्या हाताची नाही, कामाच्या क्रमाची आहे. आपण जोडण्यापासून सुरुवात केलीत. वेगाची गाडी मात्र काढून टाकण्यातून घडते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. म्हणूनच अमेरिकेतील समर्स बंधूंनी आपल्या ‘गोल्डनरॉड’ गाडीत चार इंजिने शेजारी-शेजारी न ठेवता एकामागे एक ठेवली आणि गाडी समोरून पाहता शक्य तितकी अरुंद राखली. १२ नोव्हेंबर १९६५ रोजी बॉनव्हिलवर तिने ताशी सुमारे ६५८ किलोमीटरचा विक्रम केला. हे सूत्र लोकांच्या एकदम लक्षात आले नव्हते. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडणाऱ्या कामीय जेनात्झी यांच्या विजेवर चालणाऱ्या गाडीचे अंग पाणतीरासारखे निमुळते होते खरे, पण चालक मात्र कमरेपासून वर उघड्या वाऱ्यात बसत असे.

तेव्हा प्रथम ‘मांडवी’ कशावर धावते ते ठरवा. त्याच दशकात जेट इंजिनाच्या गाड्याही बॉनव्हिलवर धावत होत्या, परंतु जेट घेतले तर आपल्या किटमधले काहीच उरणार नाही. माझे मत विचाराल तर बॉनेटखाली साधे पिस्टन इंजिन आहे असे धरा. मग मूळ गाडीची ओळख शिल्लक राहील आणि पाहणाऱ्याला ‘ही गाडी बदलून घडवली आहे’ हे जाणवेल, जे मला अशा कामात सर्वांत मोलाचे वाटते.

खरे कौशल्य टप खाली आणण्यात आहे. टपाच्या खांबांतून ६ मिलिमीटर कापा. खऱ्या गाडीत ते साडेचौदा सेंटिमीटरच्या आसपास होतात. खांब तिरके असल्यामुळे कापल्यावर टप खाली ठेवला की पुढची आणि मागची टोके जुळत नाहीत, आणि बहुतेक जण इथेच ओढाताण करून खांब मोडतात. ओढू नका. टपाचे मधोमध आडवे दोन तुकडे करा, दोन्ही आपापल्या खांबांवर बसवा आणि मध्ये पडलेल्या फटीत प्लास्टिकच्या पत्र्याची पट्टी घाला. सांध्याला आतून एक मिलिमीटर जाडीचा दुसरा तुकडा आधाराला चिकटवा, नाहीतर घासताना सांधा उकलतो. पुट्टी एकाच वेळी जाड थापू नये. ती सुकताना आकसते आणि तिच्यातील द्रावक खालचे प्लास्टिक मऊ करतो. पातळ थर द्या, रात्रभर थांबा, ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. करडा प्रायमर मारून कवच ट्यूबलाइटखाली तिरपे धरले, की उजेडाची सरळ रेघ जिथे वाकडी होते तिथे अजून खड्डा आहे असे समजावे. चतुर्थीच्या आधी आपल्याकडचे मूर्तिकार मूर्तीचा गाल कंदिलासमोर फिरवून पाहतात, तीच ही रीत.

नाक आणि शेपटी निमुळती करण्यासाठी विमानाच्या किटमधील सुटी इंधनटाकी उत्तम. यात इतिहासही आहे : दुसऱ्या महायुद्धानंतर बिल बर्क यांनी लढाऊ विमानाची अशीच टाकी घेऊन तिचीच शर्यतीची गाडी केली. कोल्ड्रिंकची बाटली किंवा इंजेक्शनची सिरिंज मात्र वापरू नका. त्यांचे प्लास्टिक वेगळे असते आणि किटचा सिमेंट, म्हणजे जोडण्याचा गोंद, त्यावर धरत नाही.

दोन पंखांऐवजी मागे मध्यभागी एकच उभा पंख ठेवा. बाणाला पिसे असतात त्याच कारणासाठी तो असतो : वाऱ्याचा दाब गुरुत्वमध्याच्या मागे पडावा आणि गाडी सरळ राहावी. पंखाखाली वेग आवरणाऱ्या पॅराशूटच्या दोन आखूड नळ्या हव्यातच. १९६४ साली क्रेग ब्रीडलव्ह यांच्या ‘स्पिरिट ऑफ अमेरिका’ची पॅराशूट निकामी झाली, तेव्हा ती जेटगाडी मैदान ओलांडून खाऱ्या पाण्याच्या तळ्यात गेली होती, ब्रीडलव्ह मात्र सुखरूप बाहेर आले.

हरवलेल्या चाकांची खंत करू नका. किटची रुंद चाके इथे निरुपयोगीच आहेत. अरुंद चाके घ्या आणि त्यांवर सपाट चकत्या बसवा. शेवटी ११ मिलिमीटर व्यासाचा एक मणी चालकाच्या जागी ठेवून पाहा. या प्रमाणात हेल्मेट एवढेच असते, आणि खाली आणलेल्या टपाखाली तो मावला नाही तर चालकाची बैठक जमिनीपर्यंत उतरवा. माणूस मावतो असे दिसले की काल्पनिक गाडीवर विश्वास बसतो.

प्रश्न : अशाच मॉडेलवर पावसाळ्यात स्प्रेने मारलेला निळा रंग धुरकट पांढरा झाला. आता ते खऱ्या मिठाच्या थरावर ठेवून मांडायचे आहे. मीठ कशाने चिकटवावे? – एक वाचक, वास्को

उत्तर : द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील ओल रंगावर बसते, ते पांढरे धुके त्याचे आहे. उघाड पडलेल्या दुपारी थिनरचा अगदी हलका फवारा मारल्यास बहुधा ते निघून जाते. यापुढे सावकाश उडणारा थिनर वापरा, किंवा पाऊस ओसरेपर्यंत ॲक्रिलिक रंग ब्रशने लावा.

खरे मीठ मात्र लावू नका. आपल्या हवेत ते पाणी ओढून घेईल, पाझरेल, आणि गाडीतील लोखंडी आस गंजतील. लाकडी फळीवर वॉल पुट्टीचा पातळ थर द्या आणि तो ओलसर असतानाच बोथट सुईने पंचकोनी-षट्कोनी भेगांच्या कडा किंचित उचला. रिबंदर किंवा आगरवाड्याची मिठागरे डोळ्यांसमोर ठेवू नका. तिथे बांध, खाचरे आणि पाणी असते, तर बॉनव्हिलचे मैदान म्हणजे प्राचीन सरोवराचा आटून कडक झालेला तळ आहे. गाडीच्या मागे चाकांच्या दोन फिकट करड्या रेषा ओढा, आणि थोडी पांढरी पूड चाकांच्या मागच्या अंगालाही लावा.