सुखवस्तू आमदाराला गरिबी कळेल का?

प्रश्न : दिवाळी सरली की आमच्या तांड्यावरची कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडायला ऊसतोडीला जातात. मते मागायला येणारे मात्र बहुतेक बागायतदार नाहीतर ठेकेदारांच्या घरचे असतात. ज्याने कधी उधारीवर किराणा आणला नाही, तो आमचे दुःख विधानसभेत काय मांडणार?
(एक वाचक, चाळीसगाव तालुका)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. गरिबाकडे पैसा नाही एवढे सुखवस्तू माणसाला दिसते. पण पुढच्या महिन्याची शाश्वती नसल्यामुळे अंगावर उचल घ्यावी लागणे म्हणजे काय, हे त्याला सहसा उमगत नाही. देशातला पहिला आधार क्रमांक 2010 साली आपल्याच खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. पुढे रेशन दुकानांत आधारशी अंगठा जुळवून पाहणारी यंत्रे आली, आणि कोयता-खुरपे धरून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या त्यांचा अंगठा जुळेना. पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा टेकवणारी बाई आणि तिच्यामागे खोळंबलेली रांग ज्याने पाहिलीच नाही, त्याला योजना आखताना ही अडचण कशी सुचावी? त्यात दुष्टावा नसेलही, पण धान्य त्या बाईचेच अडते.

तरीही सारी भिस्त जन्मावर ठेवू नये, कारण गरिबीतून वर आलेला माणूसही मुंबईला गेल्यावर परका होऊ शकतो. उलट, 1977 साली रोजगार हमीचा कायदा करणारे सभागृह काही मजुरांचे नव्हते. तरी मागेल त्याला काम हा हक्क त्याने दिला आणि त्यासाठी शहरी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला. त्यामागे 1972 च्या दुष्काळात कामासाठी निघालेल्या मोर्चांचा रेटा होता. त्याच सुमारास नंदुरबारजवळच्या शहाद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या मागे भिल्ल शेतमजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांच्या प्रश्नाची दखल घेतली गेली. माझ्या मते, ज्याला तुमच्या मताची आणि संघटनेची गरज भासते, तोच तुम्हाला समजून घेण्याचे कष्ट घेतो.

म्हणूनच 2024 ची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरात, म्हणजे ऐन ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या दिवसांत झाली, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. ऊसतोड कामगारांना ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) ओळखपत्र द्यायचे असते. ते आपल्या तांड्यावर किती जणांना मिळाले आणि मतदानाला टोळ्या गावी कशा येणार, हे उमेदवाराला मुकादमासमोर नव्हे, तर ग्रामसभेत सर्वांदेखत विचारावे.