केस टाकायची घाई नको, आधी फुकटचा क्रेडिट रिपोर्ट काढा

डिचोलीहून एका वाचकांचा प्रश्न आलाय. खरं तर असे प्रश्न पेडण्यापासून सांग्यापर्यंत सगळीकडून येतात, फक्त गाडी नि बँक बदलते. यांनी २०१६ साली फायनान्स कंपनीकडून कर्ज काढून टिपर (खनिज वाहायचा ट्रक) घेतला, मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, हप्ते थकले, शेवटी २०२१ मध्ये टिपर विकून कंपनीचे सगळे पैसे भरून टाकले. आता गणेश चवथीआधी घराचं छप्पर करायचं म्हणून कर्ज मागितलं तर बँक म्हणते सिबिल (कर्जफेडीची नोंद) खराब, टिपरचं कर्ज अजून थकीत दिसतंय. कंपनीला फोन करून करून थकले. म्हापशाचा एक एजंट 'सिबिल क्लीन करून देतो' म्हणतोय, पैसे आधी. त्यांनी विचारलंय की रिपोर्ट फुकट मिळतो तो कसा, आणि कंपनीवर सरळ केस टाकू का.

केस टाकू नका. निदान आत्ता तरी नाही.

कारण सगळं अडतंय ते एका परंतुकावर, म्हणजे कायद्यात 'परंतु' म्हणून पुढे जोडलेल्या अटीवर. २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांच्या कायद्यात कलम २१ आहे, त्यात तुम्ही चूक दाखवलीत की ३० दिवसांत दुरुस्तीची पावलं उचलायला हवीत असं म्हटलंय. लोक इथपर्यंत वाचतात नि खूश होतात. पुढे लिहिलंय की कर्ज देणाऱ्या संस्थेनं दुरुस्ती बरोबर आहे असं प्रमाणित केल्याशिवाय सिबिलवाले नोंद बदलू शकत नाहीत. आणि त्याच्याही पुढे, हा वाद लवादापुढे (कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्यापुढे), न्यायाधिकरणापुढे किंवा कोर्टात प्रलंबित असेल तर दुरुस्ती करायचीच नाही, तोवर कंपनीच्या वहीत जे असेल तेच धरायचं. म्हणजे तुम्ही रागानं दावा लावलात की तुमच्याच हातानं ती चुकीची नोंद गोठवून टाकलीत, आणि आपल्याकडे दावा किती वर्षं चालतो ते मी सांगायला नको, तारीख पे तारीख करत छप्पर गळून जाईल. ग्राहक आयोग यात धरायचा की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद तुमच्या पैशानं कशाला?

म्हणूनच आधी आठवून बघा, २०१८ ते २०२१ या काळात कंपनीकडून लवादाची नोटीस आली होती का? फायनान्स कंपन्यांच्या करारात लवादाचं कलम बहुतेक असतंच, आणि थकबाकीदार तो लिफाफा न उघडता कपाटात टाकतात. आली असेल तर तो लवाद संपला की तसाच लटकलाय ते आधी शोधावं लागेल, मग माझा पुढचा सल्ला थोडा बदलेल.

आता रिपोर्ट. एजंटची काहीच गरज नाही. देशात लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं २०१७ पासून प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यायचाय, म्हणजे वर्षाला चार. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, मार्चअखेर नाही. प्रत्येकीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा, पॅन, जन्मतारीख, मोबाइलवरचा ओटीपी, संपलं. साइट तुम्हाला महिन्याचं, वर्षाचं सबस्क्रिप्शन गळ्यात मारायला बघेल, कार्डाचा नंबर मागितला की समजा चुकीच्या पानावर आलात, मागे फिरा नि फुकट वार्षिक रिपोर्टची लिंक शोधा. मोबाइल अ‍ॅपवर ६४० की काय दिसतं तो नुसता आकडा असतो, त्यावर तक्रार करता येत नाही. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं स्कोअर पडत नाही, ही भीती कोणी पसरवली देव जाणे.

बँकेनं चौघींपैकी कुणाचा रिपोर्ट बघितला ते विचारा, त्याची प्रत बँकेकडूनही मागता येते, तोही तुमचा हक्क आहे, थोडं शुल्क लागू शकतं. मग टिपरच्या खात्याचं पान उघडा. बंद झाल्याची तारीख कोरी आहे का, थकीत रकमेपुढे काय आहे, आणि 'सेटल्ड' लिहिलंय का. सेटल्ड असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही 'सगळे पैसे भरले' म्हणता, पण कंपनीनं व्याज सोडून तडजोड केली असेल तर ती नोंद खरी आहे, ती चूक म्हणून पुसता येणार नाही.

तुम्ही लिहिलंय की नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलंच नाही. कमाल आहे! लाखांचं कर्ज फेडलं नि एक कागद मागितला नाही. पण टिपर विकून दुसऱ्याच्या नावावर गेला ना? मग आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे कंपनीच्या कर्जाचा बोजा, काढलं असणार, त्याला फॉर्म ३५ वर कंपनीची सही लागते. आरटीओत त्याची प्रत मिळते का बघा. कर्ज बाकी असताना कुठली फायनान्स कंपनी तिथे सही करेल? बँक स्टेटमेंटसोबत तो कागद जोडलात की कंपनीला नाही म्हणणं जड जाईल.

मग तक्रार लेखी करा, कंपनीला ईमेल आणि त्याच दिवशी सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर टाकून. तुमचे ते फोन कायद्याच्या हिशेबात शून्य, घड्याळ लेखी तक्रारीपासूनच सुरू होतं असं धरून चाला. दुरुस्त माहिती पाठवायला फायनान्स कंपनीला २१ दिवस, सिबिलचे धरून एकूण ३० दिवस. एप्रिल २०२४ पासून नियम असा की ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तुम्हाला, ज्याच्यामुळे उशीर झाला त्यानं द्यायचे. रक्कम छोटी आहे, पण मेलमध्ये हा नियम लिहिला की उत्तर जरा लवकर येतं.

तरी दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर, फी नाही. कंपनी त्या योजनेत बसते का तेवढं तपासा, बहुतेक मोठ्या बसतात. तिथे वकिलामार्फत तक्रार चालत नाही, तुम्हालाच करावी लागेल, आणि तोच विषय कोर्टात असेल तर तेही दार बंद.

हे सगळं झालं तरी २०१८ नंतर हप्ते खरंच उशिरा गेले ती नोंद काही वर्षं राहणार, बँक कर्ज देईलच याची खात्री मी देत नाही. चवथीआधी तर अवघडच. तोवर चार बँकांत अर्ज टाकत फिरू नका, प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी त्याच रिपोर्टवर चढत जाते.