सोफ्याचं विचारलंत, पण आधी पॉलिसी

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वय 34, हिंजवडीत नोकरी, महिन्याला हातात 1 लाख 15 हजार. पत्नी शाळेत शिकवते, पगार 28 हजार, पण डिसेंबरमध्ये बाळ येणार असल्याने ती नोकरी सोडणार. पुनावळ्यात टू बीएचकेचा ताबा मिळाला. गृहकर्ज 55 लाख, हप्ता 48 हजार. इंटिरियर डिझायनरने सोफ्यासकट 12 लाखांचं कोटेशन दिलंय. प्रश्न दोन. पैशासाठी पर्सनल लोन घ्यावं की गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर जादा कर्ज? आणि किचनच्या शटरला, म्हणजे कपाटांच्या दारांना, ॲक्रिलिक चांगलं की लॅमिनेट?

आणि पत्राच्या तळाशी, जाता जाता: "बचत म्हणाल तर बँकेत 1.8 लाख, म्युच्युअल फंडात 4 लाख आणि कर्जासोबत घेतलेली गॅरंटीड पॉलिसी आहे. वर्षाला दीड लाख, 12 वर्षं भरायचे. 20 वर्षांनी 36 लाख मिळणार. दुसरा हप्ता याच महिन्यात आहे."

तर आधी या शेवटच्या ओळीकडे येऊ. "ही घेतली की सँक्शन लवकर होतं," असं सांगून तुमच्या गळ्यात मारली ना? कर्जासाठी पॉलिसी घेणं सक्तीचं नाही. 18 लाखांचे 36 लाख ऐकायला दामदुप्पट वाटतं, पण 20 वर्षांचा हिशेब मांडला तर परतावा वर्षाला 5 टक्क्यांच्याही आत येतो. तुम्ही साडेआठ टक्क्यांनी कर्ज घेतलंय आणि 5 टक्क्यांनी पैसे गुंतवताय. बरं, विमा किती? प्रीमियमच्या दहापट, म्हणजे 15 लाख. कर्ज 55 लाख. तुमचं काही बरंवाईट झालं तर तान्ह्या बाळासह तुमच्या पत्नीच्या डोक्यावर 40 लाख राहतील आणि तेव्हा तिची नोकरीही नसेल. कागदोपत्री याला विमा म्हणतात. मी म्हणणार नाही.

दुसरा हप्ता भरू नका. पण घाईने सरेंडरही, म्हणजे मुदतीआधी बंदही, करू नका. आधी 1 कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे नुसता आयुर्विमा, गुंतवणूक नाही. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास पडेल. मेडिकल होऊन तो हातात आला की जुनी सोडा. ऑक्टोबर 2024 नंतरच्या पॉलिसींना एक वर्ष पूर्ण झालं की सरेंडर व्हॅल्यू मिळते, तुमची त्यात बसते. किती, ते कंपनीकडून लेखी मागा. पहिल्या दीड लाखातले निम्म्याहून जास्त बुडाले असंच धरून चाला. वाईट वाटेल. पण ते वाचवायच्या नादात अजून साडेसोळा लाख भरणं हा त्याहून मोठा खड्डा आहे.

आता इंटिरियर. कोटेशनच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, "जीएसटी वेगळा" असं लिहिलंय. 18 टक्के. म्हणजे तुमचे 12 लाख आजच 14 लाख झाले. 14 लाखांचं पर्सनल लोन, 13 टक्के, पाच वर्षं: हप्ता 32 हजार, एकूण परतफेड 19 लाख. टॉप-अप 20 वर्षांचा घेतला तर हप्ता साडेबारा हजारच, पण भरणार 30 लाख. सोफा त्याच्या अर्ध्या वेळातच भंगारात गेलेला असेल.

पर्सनल लोन घेतलंत आणि पॉलिसीही चालू ठेवलीत, तर महिन्याला गृहकर्जाचे 48 अधिक पर्सनल लोनचे 32 अधिक पॉलिसीचे साडेबारा. 1 लाख 15 हजारांतून उरले साडेबावीस. त्यात किराणा, मेंटेनन्स, पेट्रोल, डॉक्टर आणि डायपर. "एप्रिलमध्ये 20 टक्के इन्क्रिमेंट नक्की" असं तुम्ही लिहिलंय. इन्क्रिमेंटचं पत्र हातात पडेपर्यंत तो आकडा शून्य धरा. आणि इंटिरियर केल्याने फ्लॅटची किंमत वाढते, हे डिझायनरने सांगितलं असणार. पुढचा मालक तुमचं किचन बघून नाक मुरडतो आणि पहिल्या महिन्यात ते फोडून टाकतो.

यादीत करण्यासारखं काय आहे? किचन करा. खालच्या बॉक्सना बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारं, प्लायवूडच, तिथे कंजूषी नको, सिंकखाली साधा प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो. शटरला मॅट लॅमिनेट. ॲक्रिलिक थ्रीडी चित्रात आरशासारखं चमकतं, घरात त्यावर बोटांचे ठसे आणि भांड्यांचे ओरखडे दिसतात. टॉल युनिट, म्हणजे ते उंच कपाट, कापलंत तर दोन लाखांत बसेल. एक वॉर्डरोब, सात फूट बाय साडेसहा, चौरस फुटाला दीड हजार धरून सत्तर हजार. मच्छरजाळी, पंखे, दिवे आणि जास्तीचे प्लग पॉइंट मिळून साठ. पॉइंट मात्र आत्ताच, रंगाच्या आधी, नंतर भिंत फोडावी लागते.

बाकीचं थांबवा. साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत फॉल्स सीलिंग लावून अर्धा फूट गमवायचा आणि त्यात प्रोफाइल लाइट, म्हणजे पट्टीचे दिवे, फिरवायचे, याला सव्वा लाखाच्या वर मागितलेत. बेडरूममध्ये 3000 केल्विनचा पिवळसर दिवा आणि कोपऱ्यात एक स्टँडचा दिवा, चार-पाच हजारांत तेच वातावरण येतं. टीव्हीमागच्या फ्लूटेड, म्हणजे उभ्या खाचांच्या, पॅनेलबद्दल स्वानुभव सांगतो. आमच्याकडे ते आहे, आणि त्याच्या खाचांतली धूळ मी दर रविवारी जुन्या टूथब्रशने काढतो. बायको म्हणते, हौस तुझी होती.

सोफा, डायनिंग, उरलेले वॉर्डरोब एक पावसाळा राहून झाल्यावर ठरवा. ऊन कुठून येतं, पाळणा कुठे बसतो, ते तोवर कळेल.

हे सगळं करासकट चार लाखांच्या आत. ते फंडातून काढा. फंड इक्विटीचा, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणारा, असेल, युनिट्स वर्षाहून जुने असतील आणि वर्षातला असा एकूण नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर कर लागणार नाही. बँकेतल्या 1.8 लाखांना हात लावू नका, वाचलेला दीड लाखाचा हप्ता त्यातच टाका. राहायला गेलात की सध्याचं 22 हजार भाडं सुटेल. तेही सहा महिने तिथेच जाऊ द्या, मग सोफ्याचं बघू.

आणि पॉलिसीचा हप्ता ऑटो-डेबिटवर असेल तर उद्याच बँकेत जाऊन तो मँडेट बंद करा. काउंटरवरचा माणूस "सर, एक वर्ष तरी चालवा" म्हणेल. त्याचं टार्गेट आहे, तुमचं नाही.