फिजिक्सच्या तासाला येणारी झोप

घाटंजी तालुक्यातल्या ताई,

मुलगा अकरावी सायन्सला, ज्युनिअर कॉलेज सातला, म्हणून पावणेसहाची यष्टी आणि पाचला उठणं. रात्री अकराशिवाय त्याचा डोळा लागत नाही. सकाळी बाबा तोंडावर गडूभर पाणी ओततात आणि फिजिक्सच्या तासाला तो बाकावर डोकं टेकतो. "पोट्टं मोबाईलनं बिघडलं की मुळातच आळशी?" असं तुम्ही विचारलंय.

आधी ते पाणी बंद करा. हवं तर माझं नाव सांगा.

वयात येताना शरीराचं घड्याळच मागे पडतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा पाझरतं, आणि या वयाला झोप तर आठ ते दहा तास लागते. अकरा ते पाच किती होतात, मोजा. दिवसभर शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं तेही झोपेतच. मोबाईलचा वाटा आहेच, रात्री तो तुमच्या उशाशी ठेवा. पण म्हणून पोरगा नऊला घोरायला लागेल, असं नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 मध्येच सांगितलं, या वयाची शाळा साडेआठच्या आधी नको. सिएटलमध्ये 2016 साली शाळा जवळपास तासभर उशिरा केली, तर मुलांची झोप 34 मिनिटांनी वाढली. आपल्याकडे 2024 मध्ये नऊच्या वेळेचा आदेश निघाला, तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांना खरी गरज, ती मोठी पोरं राहिली बाजूलाच!

उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचीच शाळा हवी, त्यावर वाद नाही. पण डिसेंबरच्या थंडीत सातचा हट्ट कशाला? पाच-सात पालक मिळून प्राचार्यांना भेटा. ते म्हणतील बस नाही, डेपोवाले म्हणतील कॉलेजनं मागितली नाही. म्हणून कॉलेजचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव दोन्ही घेऊनच आगार व्यवस्थापकांकडे जा. वेळ नाहीच बदलली, तर फिजिक्स-गणित निदान तिसऱ्या-चौथ्या तासाला मागा.

दुपारी तो तीन तास झोपतो ते अर्ध्या तासावर आणा, नाहीतर रात्रीची झोप आणखी लांबते.

आणि पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंत की शेतीच्या विजेची रात्रीची लाईन असली की ओलिताला तोच जातो. हे पहिल्या ओळीत हवं होतं, ताई! कॉलेज असेल त्या दिवसांत मोटर बाबांनी सांभाळावी. पोरानं जायचंच असेल, तर शनिवारी रात्री जावं आणि रविवारी त्याला कुणी हाक मारू नये.