सोयाबीनला मोड आणले की गाजर बंद करू का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही खानापूर तालुक्यातले. घरचं सोयाबीन हाय, यंदा थोडं खायला म्हणून बाजूला ठेवलंय. माझी जाऊ म्हणते की मोड आलेल्या सोयाबीनमध्ये गाजरापेक्षा कितीतरी जास्त ताकद असते, मग बाजारातनं गाजर कशाला आणायचं? मुलगी नववीत आहे, तिच्यासाठी विचारतेय. आणि मोड कच्चेच खायचे का? — एक वाचक भगिनी

उत्तर : वहिनी, तुमच्या जाऊबाईंचं निम्मं बरोबर आहे. प्रोटीन बघायला गेलं तर गाजर कुठंच नाही, १०० ग्रॅम गाजरात जेमतेम १ ग्रॅम आणि तेवढ्याच मोड आलेल्या सोयाबीनमध्ये १३ ग्रॅम. (सुक्या दाण्यात ३६ ग्रॅम असतं, मग मोड आल्यावर कमी कसं झालं असं वाटेल, पण ते पाण्यानं वजन वाढतं म्हणून.) लोह गाजरात ०.३ मिलिग्रॅम आणि मोड आलेल्या सोयाबीनात २ मिलिग्रॅम, फोलेटपण (रक्त तयार व्हायला लागणारं एक व्हिटॅमिन) भरपूर, आणि पाळी सुरू झालेल्या पोरीला हे लागतंच की.

पण व्हिटॅमिन ए घ्या, तिथं सगळं उलटं. १०० ग्रॅम गाजरात ८०० मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे मोठ्या बाईची दिवसाची गरज जवळजवळ भागली, आणि सोयाबीनात ते नसल्यातच जमा. कितीबी उसळ खाल्ली तरी डोळ्यांसाठीचं ते मिळणार नाही. म्हणून गाजर बंद करू नका. फक्त ते नुसतं चावून खाण्यापेक्षा थोड्या तेलाबरोबर खाल्लं तर अंगी लागतं, भोगीच्या भाजीत आपण गाजर तीळकूट, शेंगदाणे घालून करतो ना, ते एकदम बरोबर आहे. कोशिंबिरीत शेंगाचं कूट आणि वर फोडणी, एवढंही पुरतं.

आता कच्च्याचं. नको, अजिबात नको! आपल्याला मूग-मटकीचे मोड कच्चे खायची सवय, म्हणून बरेच जण सोयाबीनचंही तसंच करतात आणि मग पोट धरून बसतात. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचं असतं, ते प्रोटीन पचवणाऱ्या रसालाच अडवतं, मोड आणल्यानं ते थोडं कमी होतं पण जात नाही, नीट शिजवल्यावरच त्याचा जोर मोडतो. म्हणून कुकरला लावून मऊ करा, मगच फोडणी.

आणि वहिनी, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, पेरणीसाठी औषध लावलेलं रंगीत बियाणं उरलं असेल तर ते खायला कधीच घ्यायचं नाही, कितीही धुतलं तरी नाही. खायच्या दाण्यातले फुटलेले, मशीनमध्ये चिरलेले आधी निवडून काढा, तेच कुजतात आणि सगळ्या फडक्याला वास मारतो. रात्रभर भिजवा, मग दिवसातनं दोन-तीनदा धुऊन निथळत ठेवा, चिकट झाले किंवा वास आला तर सरळ टाकून द्या, जीव हळहळला तरी. घरात कुणाला थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोयाबीन यात काही तासांचं अंतर ठेवा, डॉक्टरांना विचारून घ्या.

डब्यात उसळ-भाकरी द्या आणि लिंबाची फोड द्यायला विसरू नका, त्यानं उसळीतलं लोह अंगी लागतं. गाजराची कोशिंबीर रात्री घरी.