सूर्योदयाला वन्यप्राण्यांचे सिल्हूट (उजळ आकाशापुढे काळी आकृती) फोटो कसे काढावेत? माझ्या फोटोत प्राणी राखाडी आणि आकाश पांढरंफटक येतं.

कॅमेरा गडद प्राणी बघून प्रकाश वाढवतो, म्हणून असं होतं. स्पॉट मीटरिंगने (फ्रेममधल्या एका लहान भागाचाच प्रकाश मोजून) सूर्याशेजारच्या आकाशाचं (सूर्याचं नव्हे) रीडिंग घ्या आणि मॅन्युअलवर तेच कायम ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर केशरी रंग फिका पडतो, डेलाइट ठेवा. सेटिंगचा विषय इथे संपला.

खरा प्रश्न जागेचा आहे. प्राण्याच्या मागे आकाश हवं. ताडोब्यात वाघाच्या मागे बांबू असतो, त्यामुळे तिथे हा नाद सोडा. माळरान गाठा: अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी, सोलापूरजवळचं नान्नज. आणि काळवीट निवडा, कारण त्याची पीळदार शिंगं नुसत्या बाह्यरेषेतही ओळखू येतात. गाडीतून उतरायची परवानगी असेल तिथे जमिनीला टेकून बसा. उभ्याने काढलात तर त्याचे पाय गवताच्या काळ्या पट्ट्यात बुडतात. मान वळवून तो आडवा उभा राहीपर्यंत थांबा. समोरून बघणारं काळवीट सिल्हूटमध्ये खुंटासारखं दिसतं.

सूर्यबिंबातच प्राणी हवा असेल तर जवळ जाऊ नका, उलट लांब जा. सूर्य आपल्याला साधारण अर्धा अंश दिसतो. म्हणजे 100 मीटरवर तो जेमतेम 90 सेंटिमीटर झाकतो, तर नराची खांद्यापर्यंतची उंचीच 80 सेंटिमीटरच्या आसपास असते. 200 मीटरवर तेच बिंब 1.8 मीटरचं होतं आणि शिंगांसकट जवळपास अख्खा नर त्यात मावतो. अर्थात लेन्स मोठी लागते: फुलफ्रेम कॅमेऱ्यावर (36×24 मिमी सेन्सर) 400 मिमीच्या लेन्सने सूर्य फ्रेमच्या उंचीचा सहावा भागच व्यापतो.

वेळ मात्र फार कमी मिळतो. सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, तोही सरळ वर नाही, थोडा उजवीकडे. म्हणून कळपाच्या पश्चिमेला आधीच जागा धरा आणि सूर्य जिथून उगवेल त्याच्या किंचित उजवीकडे नजर ठेवा. फोकस शिंगांच्या कडेवर घ्या. उड्या मारतानाचा फोटो हवा म्हणून कळपाला पळवणारे लोक मी पाहिलेत. तसल्यांच्या सोबत जाऊच नका.

डीएसएलआर असेल तर लांब लेन्स सूर्याकडे रोखून व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. लाइव्ह व्ह्यूच (मागच्या स्क्रीनवर दिसणारं चित्र) वापरा.