नौरूची १९ खासदारांची संसद : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण जगातल्या सगळ्यात छोट्या देशांची माहिती दिली होती, त्यात पॅसिफिक महासागरातल्या नौरूबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, पण पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले ते बहुतेक नौरूवरच. त्यामुळे यावेळचं सदर सगळं नौरूलाच देतोय, तिथे सगळ्यांनी बघावी अशी निवडणुकीची पद्धत आहे आणि मला ती मनापासून आवडते.

प्रश्न : देश २१ चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या साधारण १२ हजार. म्हणजे आमच्या एखाद्या पंचायतीएवढी. मग त्यांची संसद कशी असते, आणि आपल्यासारखंच एका उमेदवारापुढचं बटण दाबायचं का?
— एक वाचक, दिवाडी

दिवाडीच्या भाऊंनू, बटण नाही आणि एका उमेदवाराला मतही नाही. आधी रचना सांगतो. नौरू ३१ जानेवारी १९६८ ला स्वतंत्र झाला, त्याआधी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांच्या ताब्यात संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश होता, कारभार मात्र ऑस्ट्रेलियाच बघायची. संसदेचं सभागृह एकच, आपल्या राज्यसभेसारखं वरचं सभागृह नाही. खासदार १९, मुदत ३ वर्षं. बेटावर जिल्हे १४ आहेत पण जिल्हा म्हणजे खरं तर गाव, त्यातले काही एकत्र करून मतदारसंघ केलेत ८. उबेनिदे हा सगळ्यात मोठा, त्यात चार जिल्हे आणि खासदारही ४, मेनेंगला ३, आणि बाकीच्या सहा मतदारसंघांना प्रत्येकी २. आपल्याकडे गोव्यात एका विधानसभा मतदारसंघातच सरासरी २८ हजारांच्या आसपास मतदार असतात, म्हणजे त्यांचा अख्खा देश आपल्या एका आमदाराच्या निम्म्यातही बसतो. त्यामुळे तिथे खासदार कोण, त्याचं घर कुठे, त्याचं कोणाशी पटत नाही हे सगळ्यांना ठाऊक, आणि निवडणुकीत पक्षापेक्षा नातं-गोतं आणि माणूस जास्त चालतो, पक्ष मधेमधे निघतात पण घट्ट असा पक्ष तिथे रुजलाच नाही.

आता मतदान. वय २० पूर्ण लागतं आणि मतदान सक्तीचं आहे, नाही केलं तर दंड. हातात कागदाची मतपत्रिका येते आणि तुमच्या मतदारसंघातले जितके उमेदवार तितक्या सगळ्यांना पसंतीक्रम द्यायचा, १, २, ३ असा शेवटपर्यंत, एकाचाही नंबर सुटला किंवा एकच नंबर दोघांना दिला तर मत बाद. मग मोजताना पहिल्या पसंतीला १ गुण, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एक तृतीयांश, चौथ्याला पाव, असं करत सगळ्या मतपत्रिकांचे गुण जोडायचे आणि ज्यांची बेरीज जास्त ते निवडून आले. पुन्हा फेऱ्या नाहीत, कोणाला बाद करून त्याची मतं वाटणं नाही. ही पद्धत १९७१ पासून आहे, त्यावेळचे तिथले न्याय सचिव डेस्मंड डाउडल यांनी ती बसवली म्हणून तिला डाउडल पद्धत म्हणतात.

हे नुसतं वाचून डोक्यात उतरत नाही, म्हणून एक हिशोब मांडून दाखवतो, आकडे माझे, पद्धत त्यांची. समजा २ जागा आहेत, उमेदवार क, ख, ग, घ, आणि मतदार १२०. त्यातल्या ४८ जणांनी क्रम दिला क, ग, घ, ख. दुसऱ्या ४८ जणांनी ख, ग, घ, क. उरलेल्या २४ जणांनी ग, घ, क, ख. नुसती पहिली पसंती बघितली तर क ४८, ख ४८, ग २४, म्हणजे क आणि ख निवडून आले, विषय संपला. आता गुण लावा. क ला पहिल्या गटाचे ४८, दुसऱ्या गटात तो चौथा म्हणून १२, तिसऱ्या गटात तिसरा म्हणून ८, एकूण ६८. ख ला १२, ४८ आणि ६, एकूण ६६. ग ला २४, २४ आणि २४, एकूण ७२! घ ४४ वर राहिला. म्हणजे ग पहिला, क दुसरा आणि ख घरी. ज्याला निम्म्याहून जास्त लोकांनी शेवटच्या नंबरावर टाकलं तो ४८ पक्की मतं असून पडला, आणि ज्याच्यावर कोणाचाच राग नाही तो सगळ्यांच्या वर गेला. मला ह्या पद्धतीतलं नेमकं हेच पटतं, फक्त आपला वाडा आपल्या बाजूने असून भागत नाही, समोरच्या वाड्यातल्या माणसानेही तुम्हाला निदान दुसरा-तिसरा नंबर द्यावा लागतो.

एक बारीक गोष्ट मात्र लक्षात घ्या. पहिल्यावरून दुसऱ्यावर आलात तर अर्धा गुण जातो, पण पाचव्यावरून सहाव्यावर आलात तर जातो फक्त एक तीसांश. म्हणून वरच्या दोन-तीन नंबरांवरच खरी लढत असते, खालचे नंबर भरावे लागतात पण त्यांचं वजन कमी. आणि खुर्ची कितीही मोठी असो, हा हिशोब कोणाला सोडत नाही : बॅरन वाका २०१३ पासून राष्ट्रपती होते, २०१९ च्या निवडणुकीत बोए मतदारसंघात स्वतःचीच जागा गमावून बसले.

प्रश्न : मग राष्ट्रपती कोण निवडतं? आणि १९ हाच आकडा का, २० का नाही? कॉलेजच्या प्रेझेंटेशनसाठी हवंय.
— एक विद्यार्थिनी, फोंडा

तुझा दुसरा प्रश्न फार चांगला आहे, त्याचं उत्तर २०१० सालात आहे. तिथे राष्ट्रपतीला लोक थेट निवडत नाहीत, निवडून आलेले खासदार आधी सभापती निवडतात आणि मग आपल्यातूनच राष्ट्रपती. हा राष्ट्रपती म्हणजे आपला राष्ट्रपती आणि पंतप्रधान दोन्ही एकाच माणसात, तोच मंत्री नेमतो, मूळ घटनेप्रमाणे त्याला धरून मंत्रिमंडळ पाच-सहा जणांचं. संसदेची इमारत यारेन जिल्ह्यात, विमानतळाच्या धावपट्टीला लागूनच.

२०१३ पर्यंत खासदार १८ होते. एप्रिल २०१० ला निवडणूक झाली आणि झाले ९ विरुद्ध ९. आता सभापती निवडायचा तर तो कुठल्यातरी बाजूचा जाणार, म्हणजे त्या बाजूचं एक मत कमी होऊन ८ विरुद्ध ९, मग कोण देणार सभापती? जे सभापती झाले तेही टिकले नाहीत. जूनमध्ये परत निवडणूक घेतली तरी गाडी तिथेच अडकली, महिनोन्महिने देश काळजीवाहू सरकारवर चालला, शेवटी नोव्हेंबरात माजी राष्ट्रपती लुडविग स्कॉटी सभापती व्हायला तयार झाले तेव्हा कुठे कोंडी फुटली आणि मार्कस स्टीफन परत राष्ट्रपती झाले (हे स्टीफन म्हणजे राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदकं मिळवलेले वेटलिफ्टर). त्यानंतर एक जागा वाढवून १९ केल्या, २०१३ ची निवडणूक १९ जागांवर झाली. विषम आकडा ठेवायचं कारण हे, प्रेझेंटेशनमध्ये ही गोष्ट नक्की घाल, शिक्षकांना आवडेल.

प्रश्न : आमच्याकडे आमदार रातोरात पक्ष बदलतात. नौरूची पद्धत गोव्यात आणली तर हे थांबेल का?
— एक वाचक, डिचोली

नाही थांबणार, आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं. मत कसं मोजायचं हा एक प्रश्न, निवडून आल्यावर माणूस कोणाबरोबर बसतो हा वेगळा. नौरूत पक्षच घट्ट नाहीत तर पक्षांतर कुठलं, पण बाजू मात्र सतत बदलतात. १९ जणांच्या सभागृहात दोघं उठून पलीकडे बसले की सरकार गेलं. १९९९ ते २००३ या काळात रेने हॅरिस आणि बर्नार्ड डोवियोगो यांच्यात राष्ट्रपतीची खुर्ची सारखी फिरत होती, जानेवारी २००३ ला तर एकाच महिन्यात ती हॅरिसकडून डोवियोगोंकडे, परत हॅरिसकडे आणि परत डोवियोगोंकडे गेली. अलीकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रपती रस कुन यांच्यावर अविश्वास ठराव आला, ते गेले आणि डेव्हिड अडियांग आले. घटनेत एक अट आहे, अविश्वास ठरावानंतर ७ दिवसांत नवा राष्ट्रपती निवडला नाही तर संसद बरखास्त, त्यामुळे निदान खुर्ची रिकामी लोंबकळत राहत नाही.

आपण फार वेगळे आहोत असं समजू नका, १९९० साली प्रतापसिंह राणे, चर्चिल आलेमाव, लुईस प्रोतो बार्बोझा असे तीन मुख्यमंत्री आणि मग राष्ट्रपती राजवट हे सगळं गोव्याने एका वर्षात बघितलंय. जुलै २०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि सप्टेंबर २०२२ ला ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले, दोन्ही वेळा आकडा दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त, म्हणून विलीनीकरणाचा आडोसा मिळाला. ती पळवाट घटनेच्या दहाव्या परिशिष्टातली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातली आहे आणि ती बुजवायची तर संसदेत कायदा बदलायला हवा, मतपत्रिका बदलून काही होणार नाही.

पण दुसऱ्या एका दुखण्यावर मात्र ही पद्धत औषध ठरू शकते असं मला ठाम वाटतं. २०२२ ला भाजपला ३३ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ४० पैकी २० जागा मिळाल्या, कारण विरोधकांची मतं चार-पाच ठिकाणी फुटली. हा एका पक्षाचा दोष नाही, उद्या दुसरा कोणी असेल तर त्यालाही असंच फळ मिळेल. तालुकावार मोठे मतदारसंघ करून, प्रत्येकी काही जागा ठेवून पसंतीक्रमाने मत दिलं तर मतं "फुटणं" ही भीतीच बरीचशी जाते, कारण तुमचं दुसरं मत पण मोजलं जातं. अडचणही खरी आहे, १५ उमेदवार उभे असले तर सगळ्यांना नंबर देताना चुका होणार आणि मतं बाद होणार. नौरूत हे जमतं कारण उमेदवार ओळखीचे असतात.

प्रश्न : आठवीच्या वर्गात मॉनिटरची निवडणूक अशी घेता येईल का?
— एक शिक्षिका, काणकोण

बाई, जरूर घ्या, मुलांना अपूर्णांकही पक्के होतील. उमेदवार पाचच ठेवा. फळ्यावर आधी लिहून ठेवा : १, ०.५, ०.३३३, ०.२५, ०.२. चिठ्ठीवर पाची नावं छापलेली असू द्या आणि मुलांनी समोर फक्त नंबर घालायचे. नंबर राहिलेली चिठ्ठी बाद धरायची, म्हणून चिठ्ठी पेटीत टाकायच्या आधी एकदा सगळ्यांना "पाची नंबर घातले का बघा" असं सांगा. मोजणीला दोन मुलं वाचायला, दोन फळ्यावर लिहायला, आणि बेरीज सगळ्या वर्गाने आपापल्या वहीत करायची. शेवटी त्याच चिठ्ठ्यांतल्या फक्त पहिल्या पसंती वेगळ्या मोजून बघा, मॉनिटर तोच येतो की दुसरा, आणि काय झालं ते आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.